सुधामावशीचे साठ दिवस

आमच्या खानदानात फार्मसीची पदवी एकट्या माझ्याकडे आहे. त्यामुळे जगाच्या पाठीवर कुठेही नातेवाइकाचा गुडघा दुखला, की फोन न्यूझीलंडला, आमच्या पामर्स्टन नॉर्थच्या घरी येतो.

सुधामावशी, म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण, अमेरिकेत, न्यू जर्सीला एकट्या राहतात. त्यांचा एक गुडघा बदलला, जखम चिघळली आणि बाई तीन महिन्यांहून जास्त नर्सिंग सेंटरमध्ये अडकल्या. मेडिकेअरने, म्हणजे तिकडच्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याने, दिलेले शंभरच्या शंभर दिवस संपले. आता दुसरा गुडघा रांगेत! मी (कोणी विचारलं नव्हतं) सगळे नियम वाचून काढले आणि सासूबाईंना समजवायला बसले.

"आई, मावशींचा बेनिफिट पिरियड अजून संपलेला नाही."

"पिरियड? अगं, सत्त्याहत्तर वर्षांची आहे ती!"

"तो नाही हो! विम्याचा! सलग साठ दिवस हॉस्पिटल नाही, नर्सिंग सेंटर नाही, की जुना पिरियड संपतो. मग नवे शंभर दिवस मिळतात."

"आणि मध्येच ॲडमिट झाली तर?"

"तर परत एकपासून मोजायचं."

"मग खाडा म्हण की! सोळा सोमवारांसारखं. एवढ्यासाठी चाळीस पानं छापलीस?"

मी दुर्लक्ष केलं. (पदवी कोणाकडे आहे?) मावशींच्या डिस्चार्जच्या कागदावरची तारीख फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिली आणि रोज सकाळी एक फुली मारत गेले.

एका बुधवारी सकाळी डबे भरताना फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"मुग्धा, हॉस्पिटलात जागा रिकामी झालीय. आज संध्याकाळीच ॲडमिट व्हा म्हणतात. झाले का गं साठ?"

"कालच झाले! बिनधास्त जा, मावशी."

"सुटले बाई! शेजारणीच्या गाडीत बसलेच आहे. आणि वारही कसा छान, मंगळवार!"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "सुधे, कुठला वार म्हणालीस?"

"मंगळवार. गणपतीचा."

"अगं, आमच्याकडे बुधवार आहे!"

मी डबे टाकून फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे धावले. तारीख तिकडची आणि फुल्या इकडच्या! मावशींचा अजून साठावाच दिवस चालू होता. आज ॲडमिट झाल्या असत्या तर जुनाच पिरियड, शिल्लक दिवस शून्य, आणि नवा गुडघा घेऊन थेट घरी, तिसऱ्या मजल्यावर, एकट्या!

"सुधे, उतर गाडीतून!" सासूबाई ओरडल्या.

"अगं ताई, चढायलाच पाच मिनिटं लागली!"

"उतर म्हणते ना! खाडा होईल!"

मावशी उतरल्या. हॉस्पिटलने दोन दिवसांनी बोलावलं, ऑपरेशन झालं, नर्सिंग सेंटरही मिळालं. तिथून त्यांचा फोन आला तेव्हा मी आवाज शक्य तितका बारीक केला.

"चुकलंच माझं, मावशी. काय होतं, आमच्याकडे सगळ्यांच्या आधी उजाडतं ना..."

"हो गं," मावशी म्हणाल्या, "उजाडतं आधी. प्रकाश तेवढा उशिरा पडतो!"