वामेचा चावा
लिहिण्याचा अधिकार नसताना उतारवयात हे धाडस करते आहे, क्षमा असावी. शास्त्रीनगरच्या आमच्या गच्चीवर आज धाकट्या भावाचा पाणबुड्याचा रबरी पोशाख उन्हात तापला आणि त्या वासाने एक जुनी संध्याकाळ आठवली. अंदमानात समुद्राखाली पोहून तो जयपूरला परतला, विमानतळावरून परस्पर मित्रांबरोबर जवळच्या कानोत्याच्या धरणावर गेला, जिथे भटकी कुत्री फार, आणि घरी आला तो बोटाला रुमाल गुंडाळूनच. "वाम चावली गं ताई. समुद्रातला मासा, सापासारखा लांब; खडकाच्या कपारीत बसून सारखा जबडा उघडत-मिटत होती." "अंदमानातली वाम, की कानोत्यातलं कुत्रं?" मी विचारले. कुत्रे असते, तर रेबीजची इंजेक्शने चुकवणे जिवावर बेतले असते, आणि सुईला तो लहानपणापासून भीत असे. दवाखान्यात तो कंपाउंडरला म्हणाला, "भैया, वाम ने काटा." "बाम से जलन होती है जी, बाम काटता थोडे ही है!" कंपाउंडर हसला. डॉक्टरांनी मात्र शंका असल्यास इंजेक्शने घ्यावीत, असे बजावले. भावाने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मुकाट्याने बाही वर सारली. आजही तो वामच म्हणतो. पण खरोखर वाम चावली असती, तर सुईला इतका भिणारा माणूस एका शब्दानेही न भांडता दंड पुढे करील का?