भोगव्याच्या सड्यावर दुपारी सापडलेला तारा

आचऱ्याहून भोगव्याला जायचं म्हणजे तसं लांब नाही. पण मी भित्री. एसटीत मळमळतं म्हणून भीती, होडी हलते म्हणून भीती, आणि कडेवर अकरा महिन्यांची सुमी. सुमीच्या आधी आम्हाला मुलगा झाला होता. तो झील महिन्याचा होऊन झोपेतच गेला. तेव्हापासून सुमी गाढ झोपली तरी मी झोळीची दोरी सोडत नाही, झोका देतच राहते. अशा बाईने प्रवासाला निघायचं म्हणजे काय! जाऊ की नको यात माझे पंधरा दिवस गेले.

जायचं कारण आमचे हे. चार महिने ते भोगव्याच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळावर, कामाला होते, मुंबईच्या एका प्रोफेसरांकडे. राखण करायची, पाणी भरायचं, जेवण रांधायचं. पत्रात लिहायचे, "मास्तर आकाशातले मेलेले तारे हुडकतत." मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जितीजागती बायल हयसर, आणि ह्यो मेलेले तारे हुडकता! जा गो, बगून ये काय चल्लाहा ता."

म्हणून यंदाच्या एप्रिलात निघाले. तुम्ही जाणार असाल तर एप्रिलात जाऊ नका. जायचंच असेल तर सकाळची पहिली एसटी धरा, पुढे बसा आणि तोंडात लिंबाची फोड ठेवा. मालवणात उतरल्यावर देवबागपर्यंत बैलगाडी मिळते, नाहीतर वाळूतून चालत. मी अर्धं अर्धं केलं, कारण गाडीवान सारखा बैलांना शिव्या देत होता आणि बैल रागावतील अशी मला भीती. देवबागला कर्लीची खाडी लागते. भरतीला होडी बरी, ओहोटीला चिखलात उतरावं लागतं. माणशी दहा पैसे, सुमी फुकट. मी एका हाताने सुमीला आणि दुसऱ्या हाताने होडीवाल्याची बंडी धरली.

"बाय गो, होडयेक धर," तो म्हणाला. "माका धरून काय उपयोग? मी पडलंय तर तूय पडतलंस."

पलीकडे उतरले आणि चढणीच्या पायथ्याशी एक म्हातारी कोळीण सुके बांगडे पसरत बसली होती, तिला वाट विचारली.

"तू त्या वायरवाल्याची बायल?" तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अगो, एवढे बरे खांब, एवढी बरी वायर ताणलली. मी बांगडे सुकत घालूक गेलंय तर तुज्या घोवान माका हाकलून लावल्यान. म्हणता, आकाश ऐकूक येवचा नाय. आकाश ऐकान खाऊक काय गावता?"

वर गेले तर खरंच तसं. काळा कातळ, झाड नाही, सावली नाही. पोफळीचे बारा खांब दोन रांगांत रोवलेले, मधे वायरी. एका टोकाला मशीनची खोपी, दुसऱ्या टोकाला माडाच्या झापांचा मांडव, तिथे ह्यांचा स्वयंपाक. बारावा खांब मांडवाच्या अगदी पाठीला. ह्यांनी दाढी वाढवलेली. सुमीने बापाला बघून जो भोंगा काढला तो खालच्या कोळणीलाही ऐकू गेला असेल. हे म्हणाले, "चार महिन्यांनी भेटतंय आणि चेडवाक मी बागुलबुवो वाटतंय." मी म्हटलं, "माकाय वाटतास."

रात्री पेज आणि भाजलेला बांगडा. जेवताना मास्तरांनी मला सगळं समजावलं. माणूस साठीचा, बारीक, बोलायला गोड. काही तारे मरतात आणि आक्रसून एखाद्या गावाएवढे होतात. मग गरगर फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पाठवतात, रेडिओवर आवाज येतो तसा, आणि तो या वायरी पकडतात. विलायतेत असा तारा सापडल्याचं गेल्याच वर्षी पेपरात आलं.

"वेंगुर्ल्याच्या दर्यातल्या बत्तीसारखा," हे मधेच बोलले. "बत्ती फिरता, उजेड येता, जाता. येता, जाता."

"अगदी बरोबर," मास्तर म्हणाले. "आणि काही तर मेल्यावर असे होतात की उजेडसुद्धा गिळून बसतात. आत गेलेलं काहीच परत येत नाही."

"म्हणजे तुज्या काकीसारखे," हे मला म्हणाले. "लग्नात नेललो आमचो टोप अजून खंय परत इलो?"

मास्तर कृत्तिकांच्या पुंजक्यात शोधत होते. त्यांचं म्हणणं, जिथे ताऱ्यांची गर्दी तिथे मेलेलेही असणार. मुंबईतले त्यांच्या बरोबरीचे यावर हसायचे. पुंजका सध्या दुपारी दोनच्या सुमाराला डोक्यावर येतो.

"तारे दुपारी?" मी विचारलं.

"ते वर असतातच, वहिनी. आपल्याला दिसत नाहीत एवढंच. आणि खरा तारा रोज चार मिनिटं लवकर येतो. तीच त्याची ओळख."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. हे पाण्याला खाली विहिरीवर गेले, एक खेप म्हणजे तास. मास्तर खोपीत मशीनपाशी. सुमी झोपेला आलेली आणि किरकिरी. झोळी बांधायला मांडवाला धड वासा नाही. मागे बघितलं तर बारावा खांब, चांगला जाड, मांडवाची सावली त्याच्यावर पडलेली. एक टोक मांडवाच्या मेढीला, एक टोक त्या खांबाला. पक्की गाठ मारली आणि दोरी ओढत बसले. आमच्याकडे दोन खांब दिसले की बाई आधी झोळीच बघते. ते आकाशाचे खांब आहेत हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशीही तसंच. हे खेपेला, मास्तर आत, सुमी झोळीत.

संध्याकाळी मास्तर कागदाची गुंडाळी घेऊन मांडवात आले. चष्मा कपाळावर. "वहिनी, चहा ठेवा. तारा सापडला."

मशीनची लेखणी त्या कागदावर रेघ ओढते. एरवी सरळ. इथे मात्र वर, खाली, वर, खाली, एकसारखी, जशी कुणी टाके घालावेत. "दोन दिवस, त्याच सुमाराला," मास्तर सांगत होते. "आणि ही जागा बघा. इथे ठोके थांबतात. पुन्हा सुरू. पुन्हा थांबतात. असं कुणी पाहिलेलं नाही!"

मी वाकून बघितलं आणि ओळखलं. पहिली मोकळी जागा छोटी. सुमीच्या ओठावर माशी बसली होती, ती हाकलायला मी दोरी सोडली होती. दुसरी जरा मोठी. कावळा सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या टोपाशी आला होता, मी उठून त्याला उलथणं मारलं होतं. ती माशी, तो कावळा, सगळी माझीच दुपार होती. मास्तर ती बोटाने वाचत होते.

मास्तर ह्यांना म्हणाले, "सकाळी पहिल्या गाडीने वेंगुर्ल्याला जा, मुंबईला तार करायची आहे. आता मुक्काम पावसापर्यंत वाढला. पुढच्या वर्षीही यायचं, आणि तुम्हालाच ठेवणार." ह्यांचा चेहरा असा उजळला, की मी चहात साखर घालायची विसरले.

निजताना ह्यांना सांगितलं. "तो तारो न्हय. ती आमची झोळी."

हे आधी हसले. मग मी माशी सांगितली, कावळा सांगितला, तसे उठून बसले.

"तू कोणाक सांगू नको," म्हणाले. "मास्तर खूश, माजी नोकरी टिकतली. एक झोळी हलली तर हलली."

"तार गेली की मुंबयचे त्येंका हसतले."

"ते आधीच हसतत."

"मगे तुमी सांगा."

"मी? मी नाय सांगूचंय. तू भित्री, तू तर नायच नाय."

सकाळी हे पायात वहाणा घालून, तारेचा कागद खिशात ठेवून तयार. मी खोपीच्या दारात चहाचा कप मास्तरांपुढे धरला, तो बशीत खडखडत होता. म्हटलं, "मास्तर, तार नको. ती माझी झोळी आहे. मी खांबाला बांधली होती. ठोके थांबले तिथे एकदा मी माशी हाकलली, एकदा कावळा."

मास्तर हसले. "वहिनी, तारा इथून किती लांब असतो ठाऊक आहे का?"

"झोळी इथून पन्नास पावलांवर आहे," मी म्हटलं. कसं तोंडातून निघालं देव जाणे. "तुम्ही आत बसा. मी तीन झोके देते, मग थांबते. मग पाच देते."

सुमीला भर सकाळी झोळीत घातलं, तिने सडा डोक्यावर घेतला. हे मधोमध उभे, ना वेंगुर्ल्याला जातायत, ना मांडवात येतायत. तीन झोके दिले. थांबले. खोपीत काही आवाज नाही. मग आतून मास्तर ओरडले, "पुन्हा!" पाच दिले. बराच वेळ गेला.

मास्तर बाहेर आले. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ गाठीकडे गेले. झोक्यागणिक खांब हलायचा आणि वायरीचा जोड सैल व्हायचा, ते त्यांनी हाताने हलवून बघितलं.

"चार महिने मी या वायरी वाऱ्यापासून जपल्या," ते हळूच म्हणाले. "गुरांपासून जपल्या. बांगड्यांपासून जपल्या." आणि तिथेच कातळावर बसून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. ह्यांच्याकडून कागद मागून घेतला, घडी केली, खिशात टाकला. "बरं झालं, वहिनी. उद्या अख्खी मुंबई हसली असती. आता फक्त तुमची लेक रडतेय."

मुक्काम मात्र वाढला नाही. मी पाचव्या दिवशी परत आले. येताना होडीत मी होडीलाच धरलं, एवढी सुधारणा. महिनाअखेर हे ट्रंक घेऊन घरी आले. दारातच सासूबाईंना म्हणाले, "आये, तुज्या सुनेन एक तारो मारल्यान."

"तो मेलेलोच होतो न्हय?" सासूबाई म्हणाल्या. "मगे तिना काय मारल्यान?"

हे मे महिन्यात बोटीने मुंबईला गेले, एका खानावळीत लागलेत. पत्रात अजून टोमणा असतोच. मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मी गप्प राहिले असते तर ते खाडीपलीकडे असते, बोटीपलीकडे नाही. पण तो खडखडणारा कप आठवला की परत तेच करीन असं वाटतं.

परवा माझ्या नावाचं पोस्टकार्ड आलं. माझ्या नावाचं टपाल हे आयुष्यातलं पहिलंच. मास्तरांचं. कृत्तिकांत काही मिळालं नाही, पुढच्या खेपेला खांब उंच घेणार, असं लिहिलंय. खाली बारीक अक्षरात एक प्रश्न. "माशी आणि कावळा तुम्ही सांगितलात. पण दुसऱ्या दिवसाच्या कागदावर शेवटाकडे चांगली पाव तासाची मोकळी जागा आहे. रेघ अगदी सरळ. तेव्हा काय झालं?"

मी दोनदा वाचलं, मग आठवलं. तेव्हा काहीच झालं नव्हतं. दोरी हातात तशीच राहिली आणि माझा डोळा लागला होता. पाव तास झोळी हलली नाही, आणि तरी सुमी आपली सुखरूप झोपली होती.

मास्तरांना हे लिहायचंय. सासूबाई विचारतात, "कित्या रडतंस गो, काय वायट लिवलाहा?" मी म्हणते, नाही, बरं लिहिलंय.