सरव्याचा जोंधळा

आई, लग्नानंतर सोलापूरला निघाले तेव्हा मंगळवेढ्याच्या स्टँडवर तू माझ्या मांडीवर जोंधळ्याची पिशवी ठेवलीस आणि कानाशी लागलीस, "सरव्याचा हाय म्हणून सांगू नगंस. आपल्या रानातला म्हन." आपल्याला रान नव्हतं. लोकांची काढणी झाली की मागं पडलेली कणसं आपण दोघी वेचायचो, तोच सरवा. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती त्यासाठीच.

इथं भवानी पेठेत मी तुझं ऐकलं. पहिल्याच दिवशी सासूबाईंना म्हणाले, आमच्या रानातला. मग दरवर्षी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती तू पिशवी पाठवलीस, पण स्वतः कधी आली नाहीस. रान कुठं, किती, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून.

आता मशीनवर टॉवेलच्या कडा शिवता शिवता मी इंग्रजी ऐकते. माझी सारिका परीक्षेसाठी अवघड क्रियापदं पाठ करते. कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. मी मराठी वाचते, ती इंग्रजी शब्द सांगते आणि तो कुठून आला तेही. 'विनो' म्हणजे धान्य उफणणे. तो त्यांच्या वाऱ्याच्या शब्दातून आला. खिडकीतून बाहेर फेकण्यालाही त्यांच्यात शब्द आहे, 'डिफेनेस्ट्रेट'. सासूबाई म्हणाल्या, "एवढं कोन कुनाला फेकतंय गं तितं?" आम्ही खूप हसलो.

परवा कार्ड आलं, 'कापणीनंतर शेतात राहिलेलं धान्य वेचणे.'

"ग्लीन," सारिका म्हणाली. "फ्रेंचमधून आलाय. त्याच्या आधी कुठला, ते पक्कं कुणालाच माहीत नाही. पण मम्मी, असं कोण वेचतं गं?"

माझा पाय मशीनवर थांबला. सासूबाई समोरच लसूण सोलत होत्या. माहीत नाही म्हणणं सोपं होतं. पण विचारणारी तुझी नात होती.

"तुझी आजी," मी म्हणाले. "आन मीबी. आमाला रान नव्हतंच कधी."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "मला ठावं हाय की. एका रानातला जोंधळा एकासारखा एक असतो. तुमच्या पिशवीत बारीक, टपोरा, पिवळा, समद्या गावाचा जोंधळा. पैल्या दिशी सुपात घेतला तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाई, आत्या?"

"तू सांगशील म्हनलं. लईच येळ लावलास."

एकोणीस वर्षं, आई. तू ज्या उंबऱ्याला भ्यालीस, त्याच्या आत पहिल्या भाकरीपासून सगळं ठाऊक होतं. मीही इथं इतकी वर्षं पाहुणीसारखी, शब्द जपून राहिले. परवा हे घर पहिल्यांदा माझं वाटलं, आणि त्याच वेळी तुझी फार आठवण आली.

तुला हे वाचता येणार नाही. रविवारी एसटीनं मीच येते, वाचून दाखवते आणि तुला घेऊन येते. येताना पिशवी घे. वाटेत कुणी विचारलं, तर सरव्याचा म्हन.