चित्रात काय नाही?

"चित्रात काय नाही? नीट बघ आणि सांग."

परभणीहून आलेल्या सरांनी पुठ्ठा माझ्यासमोर धरला. त्यावर काळ्या शाईत विहीर काढलेली. गोल काठ, दोन खांब, मध्ये रहाट. पोहरा अधांतरी. काठाखाली एक रिकामी घागर.

मी नीट बघितलं. उत्तर लगेच सापडलं. ते फार ओळखीचं होतं.

"पाणी घालणारी बाई न्हाई."

वर्ग हसला. आमचे गुरुजी सगळ्यांत जास्त हसले. खुर्चीतून उठून माझ्यापर्यंत आले, डोक्यावर टिचकी मारली.

"दोर न्हाई गं, दोर! रहाट हाय, पोहरा हाय, मधी दोर न्हाई. एवढं बी दिसंना?" मग परभणीच्या सरांकडं वळून म्हणाले, "तुमाला म्हणलं नव्हतं का सर? ह्यांचे हातपाय लय चालतेत. ह्यांच्यात डोकं देत न्हाई देव."

"गुरुजी, उत्तर सांगू नका. अजून मुलं राहिलीत," परभणीचे सर म्हणाले. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या नावापुढं फुली मारली आणि पुठ्ठा पुसून खाली ठेवला. पुठ्ठ्याला मी हात लावलेला नव्हता.

मी कामांच्या याद्या करणारी बाई आहे. सकाळी कागदावर कामं लिहिते, एकेक संपलं की रेघ मारते. घरात, शाळेत, सगळीकडं. माझे सहकारी त्याला हसतात, पण कामं होतात. हे एक काम मात्र माझ्या यादीत पहिल्यापासून आहे आणि त्यावर रेघ मारता येत नाही. म्हणून एकदा क्रमानं लिहिते.

गाव बोरीपासून पायी जाण्याइतकं. नाव लिहीत नाही. तसली गावं पुष्कळ होती. दिवस नामांतराच्या जाळपोळीनंतरचे. ज्या माणसामुळं आम्ही माणसांत आलो, त्याचं नाव विद्यापीठाला द्यायचं ठरलं, आणि जिल्ह्याजिल्ह्यात आमच्या वस्त्या पेटल्या. आमच्या वस्तीची पुढची घरं जळाली. आमचं मागं होतं, वाचलं. नंतर गावानं बोलणं टाकलं. रोजगार बंद, गिरणी बंद, पाणी बंद.

पाण्याचं सांगायलाच हवं. विहिरीच्या ओट्यावर आम्ही चढायचं नाही, ही रीत. घागरी घेऊन खाली उभं राहायचं. वरची एखादी बाई पाणी शेंदायला येईल, तिच्या मनात आलं तर आमच्या घागरीत पोहरा ओतील. उंचावरून ओतायची, विटाळ होऊ नये म्हणून. निम्मं पाणी मातीत जायचं. माय म्हणायची, "घाला की माय, घोटभर घाला," आणि बाई घालायची किंवा घालायची नाही. विहीर म्हणजे माझ्या लेखी ती बाई. तिचा हात, तिच्या बांगड्या, तिची मर्जी. दोर मी कधी हातात धरलेला नव्हता. तो तिच्याच हाताचा भाग होता. वेगळी वस्तू म्हणून मला तो दिसतच नव्हता.

जाळपोळीनंतर बायका पाणी घालायच्या बंद झाल्या. आम्ही तरी जायचो. माय, मी आणि माझी चुलत बहीण शांता. उन्हात घागरी ठेवून उभ्या. विहीर होती, रहाट होता, दोर होता, पाणी होतं. बाई नव्हती. शेवटी ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी आणायचो.

त्याच दिवसांत ते सर पुठ्ठे घेऊन आले. शिष्यवृत्तीच्या वर्गात कुणाला बसवायचं ते या परीक्षेवरून ठरणार होतं. खोली एकच, म्हणून सगळ्यांच्या समोर एकेकाला उभं करत होते. चित्रात काय नाही, असं त्यांनी मला विचारलं. त्या सकाळी जे नव्हतं ते मी सांगितलं.

माझ्यानंतर शांता. पाढे माझ्याआधी तिचे पाठ व्हायचे. बाजारचा हिशोब ती बोटं न मोडता करायची. सरांनी तिच्यापुढं तोच पुठ्ठा धरला. उत्तर सगळ्या वर्गानं ऐकलं होतं. एक शब्द म्हणायचा होता, दोर, आणि ती सुटत होती.

शांता गप्प.

"बोल, पोरी."

शांतानं पुठ्ठ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं.

"आताच सांगितलंय, तरी येईना! कमालच झाली," गुरुजी म्हणाले. वर्ग पुन्हा हसला. सरांनी पुढचे पुठ्ठे दाखवले. ती एकालाही बोलली नाही. तिच्या नावापुढं शून्य आलं.

ती का बोलली नाही, हे मला कळेना. मी वाटेत तिला विचारलं. झिऱ्यावर विचारलं. ती वाटीनं पाणी भरत राहिली.

त्यानंतर कार्यानुभवाच्या तासाला वर्गातली बाकीची पोरं कागदाची फुलं करायची, आणि आम्हा दोघींना शेण कालवून शाळेची भुई सारवायला लावायचे. शिष्यवृत्तीचा वर्ग चालू असायचा, आणि आम्ही दाराबाहेर ओसरी सारवत असायचो. आतला प्रश्न ऐकू यायचा. उत्तर मला यायचं. ते मी भुईला सांगायची.

वर्षाच्या शेवटी प्रगतिपत्रक मिळालं. गुरुजींनी शेरा लिहिला होता: बुद्धी मंद. कार्यानुभव उत्तम.

माय चुलीपुढं होती. "काय लिवलंय?" तिनं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"उत्तम म्हंजी?"

"लय चांगलं."

"कशात?"

"सारवण्यात."

मायनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. प्रगतिपत्रकावर पालकाची सही लागायची. सही येत नसलेल्यांनी अंगठा द्यायचा. मी शाईची डबी पुढं सरकवली.

"ह्याच्यावर मी अंगठा देणार न्हाई," माय म्हणाली.

"गुरुजी मारतेत."

"मारू दे. अंगठा माझा हाय."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी छडी मारली. तिसऱ्या दिवशी माय स्वतः आली. आत आली नाही. कुंपणाशी उभी राहिली आणि तिथूनच बोलली. आवाज चढवला नाही.

"गुरुजी, सारवायचंच असंल तर माझ्या घरची भुई लय उखणलीया. पोरगी मी लिवायला धाडलीया."

"पोरीची अक्कल काढली सरकारानं, बाई. मी न्हाई काढली."

"सरकारला म्हणावं, आमच्या विहिरीवर ये. मंग काढ."

त्या दिवसापासून मी सारवलं नाही. मला शिष्यवृत्तीच्या वर्गातही बसवलं नाही. पण शाळेत राहिले.

शांताच्या बापानं अंगठा दिला. माझा चुलता. तो वाईट माणूस नव्हता. जळालेलं घर पुन्हा उभं करायला त्याला गावातूनच लाकूड मागायचं होतं. मंद पोरगी शाळेत ठेवून काय करता, असं गुरुजींनीच सांगितलं, तेव्हा त्यानं शांताला कापूस वेचायला घातलं. गावात तिचं नाव पडलं, येडी शांता. ती येडी आहे असं इतके जण म्हणाले, की तिनं बोलणंच कमी केलं. मग ते खरं वाटायला लागलं. पुढं देवगाव फाट्याकडं तिचं लग्न लावून दिलं, तेव्हा सासरच्यांना आधीच सांगितलं होतं, पोरगी डोक्यानं कमी आहे.

मी मात्र पास होत गेले. पण कुठलीही विहीर दिसली की मी अजूनही आधी बाई शोधते. आज पन्नाशीकडं आले तरी. आणि शांताचं ते बघणं आठवतं. पुठ्ठ्याकडं, माझ्याकडं, खाली.

बारावीनंतर परभणीला डी.एड.ला नंबर लागला. बुद्धिमापन हा धडा होता. तिथल्या शिकवणाऱ्या सरांनी कपाट उघडून पेटी काढली, आणि पेटीतून पुठ्ठे. विहीर वरच होती.

सर शिकवत होते. या चाचण्या मूळच्या परदेशातल्या. तिकडच्या मूळ चित्रात घर होतं आणि घराला धुरांडं नव्हतं. आपल्याकडच्या मुलांनी धुरांडं बघितलेलंच नसतं, म्हणून तज्ज्ञांनी ते चित्र काढून तिथं विहीर घातली. सर चांगलं शिकवायचे. थंड मुलखातलं मूल बर्फावर चालायला शिकतं, वाळवंटातलं मूल वाळूवरचा माग ओळखायला शिकतं, आणि एका देशाच्या मुलाला दुसऱ्या देशाच्या प्रश्नानं मोजलं तर ते मूल मंद ठरतं, मूल मंद असतं म्हणून नव्हे, असं त्यांनी सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं. लिहिता लिहिता हात थांबला.

देश बदलला की प्रश्न बदलायचा, हे त्यांना ठाऊक होतं. वेस ओलांडली की बदलायचा, हे ठाऊक नव्हतं. की होतं?

मी विचारलं नाही. घाबरले. डी.एड. म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे मायचं रोजंदारीचं काम सुटणं.

मग प्रात्यक्षिक आलं. येलदरीच्या बाजूला, धरणाजवळच्या एका शाळेत. प्रत्येकानं काही मुलांची चाचणी घ्यायची, गुण मांडायचे, मुलांचे गट पाडायचे. सर मागं खुर्चीवर बसून आम्हाला गुण देणार.

माझ्यापुढं मासे धरणाऱ्या घरातली एक मुलगी आली. फ्रॉकला जाळ्याच्या सुतळीचा पट्टा बांधलेला. मी पुठ्ठे क्रमानं लावले. घड्याळ ठेवलं. पहिला पुठ्ठा धरला.

"चित्रात काय नाही?"

माझाच आवाज. पण तो मला परभणीच्या त्या जुन्या सरांचा वाटला. तसाच मऊ, तसाच लांबचा.

मुलीनं पुठ्ठ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग खाली.

मी पुठ्ठा पालथा ठेवला.

"काय झालं? वेळ चालू आहे," सर मागून म्हणाले.

"सर, मी ही चाचणी घेणार नाही."

"म्हणजे?"

"या मुलीच्या नावापुढं मी आकडा लिहिणार नाही."

सर उठून जवळ आले. हळू आवाजात बोलले, कारण बाकीचे ऐकत होते. "हे शास्त्र आहे. यात भावना आणू नका. तुमच्या लोकांना संधी मिळाली आहे, ती घालवू नका."

तुमच्या लोकांना. एवढं बोलले नसते तर कदाचित मी पुठ्ठा पुन्हा उचललाही असता.

"सर, त्यांचा देश वेगळा म्हणून तुम्ही धुरांडं वगळलंत. मग आमच्या वस्तीत येताना विहीर का वगळली नाही?"

"विषयाला धरून बोला."

"विषयच बोलते. ती विहीर ज्यांनी काढली, त्यांनी कधी खाली उभं राहून पाणी मागितलं होतं का?"

"प्रात्यक्षिकात नापास व्हाल."

"करा."

केलं. वर्ष गेलं. मायनं आणखी एक वर्ष दुसऱ्यांच्या रानात खुरपलं. मी पुढच्या वर्षी दुसऱ्या सरांच्या हाताखाली पास झाले आणि नोकरीला लागले. त्या मुलीचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. तिची चाचणी दुसऱ्या कुणीतरी घेतलीच असणार.

आता शेवटचं.

नामांतर झालं त्या दिवशी मी पेढे घेऊन शांताकडं गेले. इतकी वर्षं भांडून, मार खाऊन, माणसं गमावून ते झालं होतं. देवगाव फाट्याला उतरले तर वस्तीत निळा गुलाल. शांता घराच्या मागं भांडी घासत होती.

"शांते, नामांतर झालं," मी म्हणाले.

तिची सासू ओट्यावरून म्हणाली, "तिला कशाला सांगायलीस गं बाई? तिला कळतंय व्हय? येडी हाय ती."

शांतानं हात धुतले. पेढा घेतला. खाल्ला नाही, हातात धरून बसली. मग म्हणाली,

"त्या चित्रात दोर खरंच नव्हता का गं?"

मी तिथंच राखेशेजारी बसले.

"नव्हता."

"आन् बाई?"

"बाई बी नव्हती."

"मंग तुझं बरोबर व्हतं."

"तू दोर कामून म्हणली न्हाईस, शांते? गुरुजींनी सांगितलं व्हतं की."

तिनं माझ्याकडं बघितलं. तसंच, त्या दिवशीसारखं. या वेळी मात्र तिनं नजर खाली नेली नाही.

"मी दोर म्हणले असते तर तू खोटी पडली असतीस."

सासूनं आतून हाक मारली. शांता उठून गेली. विद्यापीठाचं नाव बदललं होतं. तिचं नाव त्या वस्तीत अजूनही तेच होतं.

मी आता मुख्याध्यापिका आहे. अजूनही लोक पेट्या घेऊन येतात. चित्रं रंगीत झालीत, बोलणं गोड झालंय. मी त्यांना आधी चहा देते आणि मग वस्तीत घेऊन जाते. पाणी कुठून येतं ते बघा म्हणते, पोरं काय बघत मोठी होतात ते बघा म्हणते, आणि मग विचारा काय विचारायचं ते. जो यायला नाही म्हणतो त्याची पेटी माझ्या शाळेत उघडत नाही. वरून फोन येतात. येऊ देत. माझ्या शाळेतल्या एकाही मुलाच्या प्रगतिपत्रकावर मंद हा शब्द पडलेला नाही. माझ्या हातात सही आहे तोवर पडणार नाही.

शांताच्या नावापुढं कुणीतरी शून्य लिहिलं. त्याचा हिशोब मिटलेला नाही, आणि मिटला असं मी कुणाला म्हणू देणार नाही. हे काम माझ्या यादीत राहील. रेघ मारता येत नाही असं मी सुरुवातीला लिहिलं, ते खोडते.

मी रेघ मारणार नाही.