भट्टीसमोर पाणी पीत नाहीत

गेल्या वर्षी मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, माझा थोरला भाऊ फाउंड्रीत भट्टीसमोर चक्कर येऊन पडला. शेवटचा साचा तेव्हाच ओतून झाला होता. लोखंडाच्या रसाचं भांडं रिकामं होतं, म्हणून त्याला भाजलं नाही. सोबतच्या दोघांनी त्याला उचलून शेडबाहेर आणलं, डोक्यावर पाणी ओतलं आणि माल नेणाऱ्या टेम्पोत घालून कोल्हापुरात दवाखान्यात आणलं. मी पोचले तेव्हा सलाइन लावलेलं होतं.

"काय न्हाय, तायडे," तो म्हणाला. "ऊन बाधलं."

रक्ताचा अहवाल संध्याकाळी आला. ऊन बाधलं होतंच. पण दोन्ही मूत्रपिंडांचं कामही बरंच कमी झालेलं होतं, आणि ते एका दुपारी घडलेलं नव्हतं. उरलेलं काम टिकवता येईल का, हा प्रश्न त्या संध्याकाळी आमच्या घरात आला.

भाऊ पन्नाशीच्या आसपासचा आहे. कागलच्या बाजूच्या एका फाउंड्रीत तो पोरसवदा वयात हेल्पर म्हणून लागला आणि पुढं भट्टीवरच्या टोळीचा मिस्त्री झाला. काम असं की, भंगार लोखंड भट्टीत वितळवायचं, वरची मळी काढायची, रस भांड्यात घ्यायचा आणि वाळूच्या साच्यांत ओतायचा. ओतायला सुरुवात झाली की थांबता येत नाही. रस थंड झाला तर साचा अर्धवट भरतो आणि माल वाया जातो.

भट्टीच्या आसपास पाण्याचं भांडं नेण्याला बंदी होती, आणि ती योग्य होती. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं तर त्याची एकदम वाफ होते आणि रस अंगावर उडतो. त्यामुळं पिण्याचा नळ शेडच्या दुसऱ्या टोकाला, गेटजवळ होता. ओतकाम चालू असताना तिथवर कोणी जायचं नाही, असा टोळीचा रिवाज होता. हळूहळू तो ओतकामापुरता राहिला नाही. सकाळी भट्टी पेटल्यापासून शिफ्ट सुटेपर्यंत टोळीतलं कोणी पाणी पीत नसे. नव्या माणसाला तहान आवरली नाही आणि तो गेटकडं निघाला, तर मागून आवाज यायचा, "काय पावणं, नळाच्या घरात सोयरीक जुळीवली काय?" दोन-चार वेळा असं झालं की तोही जायचं सोडायचा.

चहा मात्र चालायचा. चहाला पाण्यात कोणी धरत नसे.

भाऊ सकाळी कपभर चहा घेऊन घराबाहेर पडायचा. भट्टी तापेपर्यंत दुसरा चहा, सोबत कागदाच्या पुडीतलं भडंग. कंबर आणि खांदे दुखायचे, म्हणून मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी, बहुधा रिकाम्या पोटी. डबा शेवटचं ओतकाम झाल्यावर, म्हणजे दुपार कलल्यावर. डब्यात भाकरी, पिठलं किंवा एखादी भाजी आणि मिरची-मिठाचा भरपूर खर्डा. "घामातनं मीठ जातंय, ते परत घालाय लागतंय," असं म्हणून तो वरून लोणचं घ्यायचा. घरी आला की उंबऱ्यातच तांब्या मागायचा आणि उभ्याउभ्या संपवायचा. मग दुसरा. दिवसभराचं पाणी त्याच्या हिशेबानं तिथं भरून निघायचं.

रात्री पायात गोळे यायचे. लघवीला जळजळ व्हायची. आमच्याकडं त्याला उन्हाळी लागली म्हणतात आणि धने-जिरे भिजवून त्याचं पाणी देतात. वहिनी ते पाणी स्टीलच्या बाटलीत भरून रोज सकाळी त्याच्या पिशवीत घालायची. बाटली संध्याकाळी भरलेली परत यायची. वहिनी मग ते पाणी कडीपत्त्याच्या कुंडीत ओतायची.

"वन्सं, मी सांगून दमलो," वहिनी एकदा मला म्हणाली. "कडीपत्ता बघा कसा आलाय. ह्यांच्यापेक्षा तब्येत बरी हाय त्याची."

मी ज्या वर्तमानपत्रात काम करते, त्याच्या पुरवणीत दर उन्हाळ्यात पाण्यावर मजकूर असतो. तहान लागण्याची वाट पाहू नका, थोडं थोडं पण वरचेवर प्या, जेवणाची वेळ टाळू नका. त्यातला काही मी लिहिलेला आहे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी त्यांच्याकडं जेवायला गेले होते. मटणाचं ताट पुढं यायला वेळ होता, म्हणून भाऊ पुरवणी मोठ्यानं वाचत बसला. "कामाच्या टेबलावर पाण्याची बाटली नजरेसमोर ठेवावी," इथं तो थांबला.

"तायडे, माझं टेबल कुठाय?"

"दादा, टेबल म्हणजे कामाची जागा."

"कामाच्या जागी बाटली ठेवली तर तुझा भाऊ छताला चिकटंल. छाप की तेबी." तो हसला. वहिनीही हसली. मग पांढऱ्या रश्श्याची वाटी आली आणि विषय संपला.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडांचे डॉक्टर तपासायला आले. वयानं भावापेक्षा बरेच लहान होते, आवाज मऊ होता. मी आणि वहिनी पडद्याच्या अलीकडं उभ्या होतो.

"कामावर असताना लघवीला किती वेळा जाता, काका?"

"शिफ्टमधी?"

"हो."

"न्हाय जात."

"एकदाही नाही?"

"पाणी पोटात गेलं तर लघवी. भट्टीसमोर कोण पाणी पितंय? आमच्या टोळीत कोणच जात न्हाय." हे सांगताना त्याच्या आवाजात कौतुक होतं. टोळीचा मिस्त्री आपल्या टोळीबद्दल बोलत होता.

डॉक्टरांनी गोळ्यांबद्दल विचारलं. कोणती, किती दिवस. भावाला नाव आठवेना. "ती पांढरी," तो म्हणाला. वहिनीनं पिशवीतून पाकीट काढून पडद्याच्या कडेनं पुढं केलं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की, एकाच कारणावर बोट ठेवता येणार नाही. रक्तदाब होता, तो कधी तपासलेला नव्हता. वर्षानुवर्षांची उष्णता, कोरडं शरीर, त्यावर अंगदुखीच्या गोळ्या, वरून मीठ. जे गेलं ते परत येणार नाही. राहिलेलं सांभाळायचं. गोळ्या बंद, मीठ कमी, भट्टी बंद, आणि पाणी दिवसभरात विभागून.

"थोडं थोडं, वरचेवर," ते म्हणाले. शब्द पुरवणीतलेच होते.

फाउंड्रीनं त्याला भट्टीवरून काढून तयार माल तपासायला बसवलं. तिथं पंखा होता, खुर्ची होती आणि टेबलही होतं. तो टेबलावर बाटली ठेवायला लागला. जुने सोबती जाता-येता बोलायचे, "मिस्त्री, हापिसर झाला की तुम्ही." वहिनी डब्यात खर्ड्याऐवजी दुधीची, पडवळाची भाजी द्यायला लागली. तो ती संपवून आणायचा. बाटलीही रिकामी यायची. जुलैच्या अहवालात आकडे जिथल्या तिथं होते. डॉक्टरांनी चांगलं म्हटलं.

डॉक्टरांनी चालायलाही सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये कळंबा तलाव भरून वाहायला लागला, तेव्हा निम्मं शहर बघायला गेलं. आम्हीही एका रविवारी सकाळी गेलो. सांडव्यावर पोरं भिजत होती, कणसं भाजणारे धूर करून बसले होते. भाऊ कठड्याला टेकून उभा राहिला. मग त्यानं न विचारता सांगायला सुरुवात केली.

तो हेल्पर होता त्या काळात एकानं पाण्याची बाटली भट्टीपाशी आणली होती. बाटली कलंडली, पाणी खालच्या खड्ड्यात गेलं आणि त्यावर रस सांडला. तेव्हाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचा हात कोपरापर्यंत भाजला. तो कामावर परतला तेव्हा त्यानं टोळीला उभं करून दम दिला की, भट्टीजवळ पाणी आणाल तर याद राखा.

"आणायचं न्हाय, एवढंच म्हणाला हुता म्हातारा," भाऊ म्हणाला. "प्यायचं न्हाय असं कुठं म्हणाला हुता? तो सवता गेटावर जाऊन पिऊन यायचा. मी बघितलंय."

"मग पिणं बंद कधी झालं?"

"आम्हीच केलं. आई म्हणायची न्हाय का, तापल्या अंगानं पाणी पिऊ नये, बाधतंय? मी मिस्त्री झालो तवा पोरास्नी दोन्ही एकदमच सांगिटलं. भट्टीसमोर पाणी न्हाय, तापल्या अंगानं पाणी न्हाय. सोपं पडतंय ना सांगाय." तो पाण्याकडं बघत होता. "किती पोरं शिकली माझ्या हाताखाली."

आईचं ते वाक्य मलाही पाठ होतं. शेतातून आलेल्या माणसाला ती आधी बसवायची, गुळाचा खडा द्यायची आणि घाम वाळला की तांब्या पुढं करायची. तिच्या रीतीत थांबणं थोड्या वेळाचं होतं. पाणी नंतर येतच असे.

त्यानंतरच्या आठवड्यात भाऊ टोळीशी बोलायला गेला. मला त्याचा वैद्यकीय दाखला कार्यालयात द्यायचा होता, म्हणून मीही होते. डबा खायची वेळ होती. शेडच्या सावलीत सहा-सात जण गोल करून बसले होते.

"भावांनो, पाणी पीत जावा," त्यानं थेट सुरुवात केली. "दोघं गेटावर जावा, बाकीच्यांनी थांबा. पाळीपाळीनं. ओतकाम झालं की लगेच."

मग त्याच्या जागी मिस्त्री झालेला माणूस, जो त्याच्याच हाताखाली तयार झाला होता, घास गिळून म्हणाला, "मिस्त्री, तुम्हीच शिकीवलंय की. भट्टीसमोर पाणी न्हाय."

"मी चुकीचं शिकीवलं."

"असं कसं चुकीचं? एवढी वर्सं चाललंय न्हवं?"

"माझं काय झालंय बघितलंस न्हवं?"

"तुमचं बीपीनं झालं म्हणं." एकजण मागून बोलला. दुसरा म्हणाला, "मिस्त्री, बसा की. च्या सांगू?" ते आदरानं बोलत होते. त्याला त्यांनी जागा करून दिली, चहा मागवला. भावानं चहा घेतला नाही. जाताना त्यानं सुपरवायझरला गाठून सांगितलं की, भट्टीपासून लांब, भिंतीपलीकडं एक पाण्याचा जार ठेवा आणि प्रत्येक ओतकामानंतर दोघांना सोडा. सुपरवायझर म्हणाले, "बघतो."

जार दसऱ्याच्या सुमारास ठेवला गेला. त्यातलं पाणी कोण पितं आणि कोण पीत नाही, याबद्दल मला वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळं सांगितलं. खात्रीनं एवढंच सांगता येतं की जार आहे.

दिवाळीनंतरच्या अहवालात आकडे घसरले. पावलांवर सूज आली होती, बोट दाबलं की खळगा राहायचा. वहिनीनं पथ्यात काही चुकलं का, असं दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुमचं काही चुकलेलं नाही. सुरुवातच उशिरा झाली." लघवी कमी झाली होती, प्यालेलं पाणी अंगातच साठत होतं. त्यामुळं त्यांनी आता पाणी मोजून द्यायला सांगितलं. दिवसभराचं ठरलेलं पाणी सकाळी एका बाटलीत भरायचं. चहा, ताक, आमटी, सगळं त्यातच धरायचं.

भेटायला येणारे पावणे शहाळी घेऊन यायचे. आजाऱ्याला शहाळं न्यायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. शहाळ्याचं पाणी आता त्याला चालणार नव्हतं. वहिनी ती घ्यायची, पावण्यांना पाणी द्यायची आणि ते गेल्यावर शहाळी शेजारच्या मुलांना वाटून टाकायची. भाऊ पावण्यांच्या हातातल्या पेल्याकडं न बघता बोलत राहायचा. एकदा कोणीतरी मोठ्या मायेनं म्हणालं, "पाणी भरपूर पीत जावा, मिस्त्री, किडनीला चांगलं असतंय." तो म्हणाला, "व्हय, पितो की."

थंडीतही त्याला तहान लागायची. तो वेलदोड्याचा दाणा गालात धरून बसायचा. संध्याकाळपर्यंत बाटलीत दोन घोट उरवायचे आणि ते झोपताना घ्यायचे, असं त्यानं ठरवलं होतं. बहुतेक दिवस ते जमायचं. जानेवारीत मी त्याच्या शेजारी बसले असताना त्यानं बाटली उजेडात धरून किती राहिलंय ते पाहिलं आणि झाकण परत लावलं.

"आधी हुतं तवा प्यालो न्हाय," तो म्हणाला. वहिनी आतून म्हणाली, "टीव्ही लावा की काहीतरी," आणि त्यानं लावला.

फेब्रुवारीत आकडे आणखी घसरले आणि त्याच्या डाव्या हातावर डायलिसिससाठी छोटी शस्त्रक्रिया झाली. मार्चच्या अखेरीस डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळच्या पाळीत त्याचा नंबर असतो. फाउंड्रीतली नोकरी त्यानं एप्रिलमध्ये सोडली. परवाच्या गुरुवारचं डायलिसिस पार पडलं आणि दुपारी वहिनी त्याला रिक्षानं घरी घेऊन आली.