माझ्याच मिठाचं गोणपाट

वकिलाच्या ओटीवर सगळ्यांना सतरंजी. मला दाराशी गोणपाट. तेही माझ्याच मिठाचं. वखारीचा शिक्का मी लगेच ओळखला.

मी आगरी, ठाण्याच्या खाडीकाठची, कोपरीची. नवरा मचव्यावरून पडून बुडाला. तेव्हापासून मिठाचा व्यापार मीच बघत आले. मिठाची आगरं बंद करायचा सरकारी हुकूम आला, तेव्हा गोऱ्या साहेबाच्या तंबूत बोलायला मीच गेले. वकील त्या दिवशी नेमके आजारी. आगरं वाचली, तसे ते बरे झाले आणि आपणच वाचवली म्हणून सांगत सुटले.

म्हणून त्यांचं बोलावणं आलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली. म्युनिसिपालटीची निवडणूक लागली होती. आमच्या वस्तीतून मी उभी राहणार, हे मी चारचौघांत बोलून बसले होते.

"बाईमाणूस कायद्यात बसत नाही," वकील म्हणाले. "आम्ही शेटजींना उभं करतोय."

"कंच्या कायद्यात? वाचून दाखवा."

कायद्याचं पुस्तक त्यांच्या मांडीवरच होतं. पानं उलटली. मिटलं. वाचलं नाही.

मग हसून माझ्यापुढे विडा धरला. "घे. तुझी माणसं तुझ्या शब्दाबाहेर नाहीत."

माझा हात पुढे गेला. बारा वर्षं मी विधवा. या काळात कुणी विडा दिला नव्हता. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि मग हात अर्ध्यावरच थांबला. आमच्यात तंटा मिटला की विडा देतात. घेतला की शब्द बांधला गेला, पुन्हा तोंड उघडायचं नाही. कितीतरी भांडणं मीच अशी मिटवलेली. या बामणाला हे कुणी सांगितलं? सतरंजीच्या कडेला माझा सख्खा दीर बसला होता. खाली मान घालून.

"विडा मना नको."

"माजलीस?" सतरंजीवरून शेटजी ओरडला.

मी उठले. गोणपाट झटकलं, खांद्यावर टाकलं आणि थेट म्युनिसिपालटीची कचेरी गाठली. शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेला उमेदवारीचा अर्ज कमरेला होता.

"साहेब नाहीत," शिपाई म्हणाला. आत साहेब खोकत होता.

मी दारातच गोणपाट अंथरलं. बसले. नाही म्हणायचं तर कलम वाचून म्हणा, आणि लिहून द्या. तोवर उठणार नाही. आणि विडा आता कुणाचाच घेणार नाही. दिराचासुद्धा.