नाडीचे गमबूट

पावसाळ्यात माझे पाय माझे राहत नाहीत. नोकरी वनरक्षकाची, आणि हद्द अशी की निम्मं जंगल, निम्मी धानाची शेती आणि दोन्हींच्या मधून वाहणारे नाले. आषाढ लागला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि दिवाळीपर्यंत साथ सोडत नाहीत. बायको रोज संध्याकाळी हळद आणि खोबरेल तेल लावते, मी रोज सकाळी पुन्हा त्याच पाण्यात पाय घालतो. आता तक्रार करायचाही कंटाळा येतो.

कातडी बूट उन्हाळ्यात बरे. भिजले की ते जड होतात आणि वाळायच्या आत पुढची सर येते. प्लास्टिकच्या चपला नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडांवर पायांना मागे ठेवून पुढे निघतात. एक पावसाळा आखूड गमबूट घालून पाहिले. नाला ओलांडताना वरून पाणी आत शिरायचं आणि दोन पायांत दोन बादल्या घेऊन चालल्यासारखं वाटायचं. चिखलात तर पाय वर यायचा आणि बूट खालीच राहायचा. म्हणून यंदा ठरवलं की भंडाऱ्याला जाऊन धड बूट घ्यायचे, मग काय लागतील ते पैसे लागोत.

बायको म्हणाली, "मले बी यायचं हाय."

"बूट माझे, पाय माझे. तुझं काय काम?"

"काम हाय," ती म्हणाली आणि साडी बदलायला गेली.

तिचं काम काय ते मला ठाऊक होतं. आमच्या लग्नाच्या आधीच तिचे वडील शेतात करंट लागून गेले. मोटारीचा करंट, असं तिच्या घरच्यांनी आम्हाला सांगितलं होतं. रानडुकरं मारायला आणि हाकलायला लोक शेताच्या कडेनं तारा लावतात, त्यात वीज सोडतात, आणि माझ्या गस्तीतला मोठा भाग त्याच तारा शोधण्यात जातो. पावसाळ्यात मला उशीर झाला की ही दारात उभी असते. मी दिसलो की आत जाते, एक शब्द बोलत नाही. त्या न बोलण्यानं मला पायांपेक्षा जास्त थकवा येतो.

दुकानात दोरखंड, ताडपत्र्या, पाण्याच्या मोटारी आणि छताला उलटे टांगलेले गमबूट होते. दुकानदार गमत्या होता. "काय भाऊ, शिकारीले चालले का?"

"शिकाऱ्याच्या मागं चाललो," मी म्हणालो.

"मंग तर तुमाले त्याच्यापेक्षा चांगले पायजेत. तो पुढं पळते."

मी माझ्या हिशोबानं पाहत होतो. तळाला खोल खाचा हव्यात, म्हणजे दगडावर पाय धरेल. पोटरीपर्यंत उंची हवी, म्हणजे काटे आणि सापांची धास्ती कमी. जाड मोजा मावेल इतका एक नंबर मोठा हवा. आणि काढायला सोपा हवा. ही शेवटची अट मी मुद्दाम हळू आवाजात सांगितली, पण बायको शेजारीच होती.

"काढायले सोपा कायले पायजे?"

याचं उत्तर तिला माझ्याइतकंच पाठ होतं. आमच्याकडे धानाच्या बांधीत कुणी पायताण घालून उतरत नाही. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. त्यात लक्ष्मी उभी असते, असं लहानपणापासून कानावर पडलेलं. चप्पल धुऱ्यावर काढायची, मगच आत पाय टाकायचा. मी सरकारी वर्दीत असलो तरी आईच्या हातचा मार खाल्लेला माणूस आहे. जंगलाच्या एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना वाटेत शेतं लागतात, पाणी काढायला धुरा मध्येच फोडलेला असतो, आणि तिथं बांधीत उतरावंच लागतं. मग बूट हातात घेऊन पलीकडे जायचं आणि पुन्हा चढवायचे. दिवसभर हेच.

तिनं एक जोड उचलला. उंच, जाड रबराचा, वरच्या तोंडाला नाडी ओवलेली. नाडी आवळली की बूट पोटरीला घट्ट बसतो. तिनं तळ दाबून पाहिला, वाकवून पाहिला आणि दुकानदाराला विचारलं, "यातून करंट लागते का?"

तो पहिल्यांदा मस्करी विसरला. "शेतातल्या तारेले थोडाफार आडोसा होईल, भाभी. मोठ्या लाईनीची ग्यारंटी मी देत नाई. अन् फाटलेला बूट तर काहीच कामाचा नाई."

"हेच द्या," ती म्हणाली.

मी म्हणालो, हे काढता घालता माझी कंबर जाईल. ती म्हणाली, "काढूच नोका." दुकानदार आमच्या दोघांकडे पाहून हसला, पण आमच्यापैकी कुणालाच हसू आलं नाही. एसटीत ती बुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसली. मला पुरता वैताग आला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः नाडी बांधायला लागली. खाली बसायची, आवळायची, गाठ मारायची. मी धुऱ्यावर जाऊन ती गाठ सोडायचो. रोवणी चालू होती, बाया वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होत्या, आणि त्यांच्या देखत बूट घालून बांधीत उतरणं मला जमेना. घरी येण्याआधी नाल्यावर पाय धुवायचो. पण मोजे बोलायचे. मोज्यांच्या आत चिखल वाळलेला असायचा, तो ती झटकायची आणि माझ्याकडे पाहायची. मी तेलासाठी पाय पुढे करायचो. दोघांनाही सगळं माहीत असलं की भांडायलाही जोर उरत नाही.

श्रावणातल्या एका दुपारी मी आणि माझ्यासोबतचा वनमजूर जंगलातून उतरलो. तो माझ्याहून वयानं मोठा, फार न बोलणारा. समोर शेत होतं, धुरा फोडलेला होता. पावसाची भुरभुर चालू होती. मी ओणवा झालो, नाडी सोडली, मोज्यासकट एक बूट काढला आणि तो पाय ओल्या धुऱ्यावर टेकवला. दुसऱ्या नाडीला हात घालणार तेवढ्यात तो मागून ओरडला, "साहेब, हालू नोका!"

गवतात तार होती. खुंट्यांवर ताणलेली, गुडघ्याच्या खाली, माझ्या उघड्या पोटरीपासून वीतभरही लांब नाही. त्यानं हात धरून मला मागे ओढलं, मग तारेपासून लांब राहून तिच्या कडेकडेनं मोटारीच्या खोलीपर्यंत गेला. तो येईपर्यंत मी एका पायात बूट, एक पाय उघडा, असा उभा होतो. मी घाबरलो होतो. देवाचं नावसुद्धा आठवलं नाही, दारात उभी असलेली बायको तेवढी दिसत होती.

तारेचं टोक सुटं होतं. दिवसा काढून ठेवायचे आणि अंधार पडला की जोडायचे. आज काढायला विसरले असते तर, हा विचार मी तिथंच सोडला.

शेतमालक आला. पन्नाशीचा, खांद्यावर पोतं पांघरलेला. "डुकरं अख्खी बांधी लोळवून राहिले, साहेब. मी काय करू? तुमीच सांगा," तो म्हणाला. कारवाई तर करायचीच होती. मी तार गोळा करायला सांगितलं. त्यानं आधी धुऱ्यावर चपला काढल्या, जोडीनं नीट ठेवल्या आणि मग बांधीत उतरला. स्वतःच पेरलेल्या मरणाच्या शेजारी तो लक्ष्मीचा मान राखत होता. मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी कीवही आली.

घरी पोचलो तेव्हा नाल्यावर पाय धुवायचं त्राण नव्हतं. तिनं मोजे काढले. एक चिखलानं भरलेला, एक कोरडा.

"एकच काहून?"

मी सगळं सांगितलं. तारेचं, उघड्या पायाचं, त्या माणसाच्या चपलांचं. चपलांचं ऐकल्यावर तिचे हात थांबले.

"बाबाले मोटारीचा करंट नोयता लागला," ती म्हणाली. "तार होती, डुकरासाठी. बाबानंच लावली होती."

"मग मोटार का सांगितली?" मी विचारलं.

"पोलीस येतील म्हणून सगळ्यायनं मोटार सांगितली. त्या दिवशी तार काढायची राहून गेली, अन् सकाळी पाणी पाहाले गेले. आमी पोचलो तं चपला धुऱ्यावर होत्या. जोडीनं. मले तुमचे बूट तसे पाहाचे नाईत जी."

इतक्या वर्षांत ती हे बोलली नव्हती. ती रडली नाही. तेलाची वाटी घेऊन आली आणि माझ्या बेचक्यांत हळद भरू लागली. रडलो मी.

सकाळी तिनं नाडी बांधली. मी पाय पुढे करून शांत बसलो.

त्याच वाटेवर पुढच्या एका शेतात बाया निंदत होत्या. मी धुऱ्याच्या तोंडाशी थांबलो. सवयीनं हात नाडीकडे गेला, तो तसाच खाली नेऊन बांधीतलं पाणी कपाळाला लावलं आणि बुटांसकट आत उतरलो. बाया वाकलेल्या होत्या त्या ताठ झाल्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "काहून बापा, बूट घालून? लक्ष्मी हाय ना ते."

"हो मावशी," मी म्हणालो. "माझी लक्ष्मी घरी वाट पाहून राहिली."

ती पुन्हा निंदायला वाकली. मी चालत पलीकडे गेलो. मागे धुऱ्यावर माझे बूट नव्हते.